ऑपरेशननंतरची वर्षं कुठल्या दप्तरात सापडतात? बीड जिल्हा आणि बेताल नाडीचा इतिहास

पेट निघाली, गाईड मिळाले, आणि आता सिनॉप्सिस लिहायचाय. तुमच्यापैकी बरेच जण सध्या याच टप्प्यावर आहेत. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात काही करायचं असेल तर पहिल्यांदा सुचतो तो विषय म्हणजे ‘अमुक शस्त्रक्रियेचा इतिहास’. त्याची साधनं सहज मिळतात. पहिलं ऑपरेशन कुणी केलं, कधी केलं, कुठल्या शहरात केलं, हे सगळं छापील असतं. पण ऑपरेशन झालेला माणूस आठ-दहा दिवसांनी एसटीत बसून धारूरला किंवा शिरूर कासारला परत जातो, त्यानंतरची त्याची वीस वर्षं कुठे लिहिलेली असतात? आजची पोस्ट या प्रश्नावर आहे. उदाहरण म्हणून मी एकच आजार घेतोय: हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर सोबत राहणारं एट्रिअल फिब्रिलेशन. जिल्हा एकच, बीड.

आधी आजार काय ते थोडक्यात बघू. शाळेच्या पुस्तकात आपण अलिंद आणि निलय शिकलो होतो. वरचे दोन कप्पे अलिंद, खालचे दोन निलय. एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये अलिंदं ठेक्यात आकुंचन पावत नाहीत, नुसती थरथरत राहतात. मनगटावर बोट ठेवलं तर नाडीला ताल म्हणून नसतो. दोन लवकर, एक उशिरा, मध्येच एक गायब. माणसाला धडधड होते, चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. खरा धोका मात्र वेगळाच. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या दीर्घ पाहणीतून १९७८ मध्ये जे आकडे आले ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत: साध्या फिब्रिलेशनमध्ये लकव्याचा धोका पाचपटीहून जास्त, आणि झडपेच्या ऱ्हुमॅटिक आजारासोबतच्या फिब्रिलेशनमध्ये सतरापट.

शस्त्रक्रियेशी याचं नातं दोन प्रकारचं असतं आणि अभ्यासात ते दोन्ही एकत्र करू नका. बायपाससारख्या ऑपरेशननंतर साधारण २० ते ४० टक्के लोकांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास फिब्रिलेशन होतं, आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत जिरतं. दुसरा प्रकार झडपेच्या रुग्णांचा. लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, ताप आला, कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे विशी-तिशीत कळलं की डावीकडची मायट्रल झडप आक्रसली आहे. तोवर डावं अलिंद ताणून मोठं झालेलं असतं. झडप रुंद करा नाहीतर बदला, ताणलेलं अलिंद पूर्वीसारखं होईलच असं नाही. ऑपरेशन यशस्वी, तरी नाडी बेतालच. ‘ऑपरेशन झालं म्हणजे बरा झाला’ हे वाक्य जिथे खोटं पडतं ती जागा ही, आणि इतिहासकाराचं काम तिथून सुरू होतं.

मुळात हा आजार ओळखला कसा गेला? श्रेय बहुतेक वेळा लंडनच्या थॉमस लुईस यांना जातं. त्यांनी १९०९ मध्ये ईसीजीवरून दाखवून दिलं की ही कायमची बेताल नाडी म्हणजे अलिंदांची थरथर. त्याच वर्षी व्हिएन्नात रोथबर्गर आणि विंटरबर्ग हेही त्याच निष्कर्षाला आले. पण मला त्याआधीचा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. जेम्स मॅकेंझी हे बर्नली या इंग्लंडमधल्या गिरणीगावातले साधे जनरल प्रॅक्टिशनर. त्यांच्याकडे मोठं रुग्णालय नव्हतं. होतं ते एवढंच की तेच तेच रुग्ण वर्षानुवर्षं त्यांच्याकडे यायचे. मायट्रल झडप आक्रसलेल्या एका बाईला ते १८८० पासून तपासत होते. १८९० च्या दशकाच्या शेवटी तिची नाडी अचानक बेताल झाली, आणि मानेच्या शिरेत दिसणारी अलिंदाच्या आकुंचनाची लहर गायब झाली. त्यांनी ती आधी पाहिली होती, नोंदवली होती, म्हणूनच ती गेल्याचं त्यांना कळलं. अर्थ लावताना ते थोडे चाचपडले. आधी त्यांना वाटलं अलिंदाला लकवा झालाय, नंतर वेगळंच काही वाटलं. नोंद मात्र पक्की होती. मोठ्या रुग्णालयात रुग्ण एकदा दिसतो, गावात तो सतरा वर्षं दिसतो. संशोधन पद्धतीच्या पेपरला ‘दीर्घकालीन अभ्यास’ अशी व्याख्या पाठ करता ना, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता बीडकडे येऊ, पण हैदराबादमार्गे. मराठवाड्यावर काम करणाऱ्याला तो रस्ता चुकत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळे १९४८ च्या आधीच्या सरकारी आरोग्याच्या नोंदी मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधत बसू नका. त्या हैदराबादला, आणि बऱ्याचशा उर्दूत. इंग्रजी गॅझेटिअरमध्ये जिल्ह्याचं नाव ‘भीर’ असं येतं आणि अंबाजोगाई ‘मोमिनाबाद’ म्हणून. सूचीत ‘बीड’ शोधलंत तर हाती काही लागणार नाही आणि तुम्ही म्हणाल, साधनंच नाहीत! उर्दू वाचता येत नसेल तर सहा महिने द्या, शिका. मोडीइतकीच ती इथे लागते.

त्याच हैदराबादेत हृदयाच्या थरथरीशी जोडलेली एक गाजलेली घटना घडली. क्लोरोफॉर्म देताना रुग्ण अचानक का मरतात, हा त्या काळचा वादाचा प्रश्न होता. श्वास बंद पडतो म्हणून की हृदय? हैदराबादचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी ठाम होते: आधी श्वास थांबतो, तेव्हा श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीकडे बघायची गरज नाही. १८८८ मध्ये पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. ‘लॅन्सेट’ला ते पटलं नाही, तेव्हा निजामाने १००० पौंड देऊन त्यांचाच माणूस बोलावला. लॉडर ब्रंटन १८८९ मध्ये आले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, त्यांत बहुतेक कुत्री. निष्कर्ष पुन्हा लॉरींच्याच बाजूने. आणि तो चुकला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाच्या निलयांत फिब्रिलेशन होऊ शकतं आणि मृत्यू क्षणात येतो. (हे निलयांचं फिब्रिलेशन, आपल्या विषयातलं अलिंदांचं. निलयांचं काही मिनिटांत मारतं, अलिंदांचं घेऊन माणूस तीस वर्षं जगू शकतो. नावं सारखी आहेत म्हणून गोंधळ करू नका.) कमिशनने प्रयोग कमी केले नव्हते, पैसाही कमी नव्हता. पण जे पाहायचं ठरवलं नव्हतं ते दिसलं नाही.

याहून ठळक उदाहरण ऱ्हुमॅटिक आजाराचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोऱ्या डॉक्टरांमध्ये एक समज पक्का होता: संधिज्वर हा थंड, दमट युरोपचा आजार, हिंदुस्थानात तो जवळपास नाहीच. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१० मध्ये कलकत्त्याच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून तसंच मत दिलं. नंतर पंजाबात, मद्रासमध्ये डॉक्टरांनी मुद्दाम शोधायला सुरुवात केली तेव्हा झडपा खराब झालेले तरुण रुग्ण सापडू लागले, आणि ते थोडेथोडके नव्हते. इथे लहान मुलांमध्ये सांधेदुखीची लक्षणं तितकी ठळक दिसत नसत, आणि जी पोरं आजारी पडत ती कलकत्त्याच्या रुग्णालयात मरायला येत नसत. तुमच्या विषयाला हे थेट लागू आहे. कुठल्याही दप्तरात बीडच्या फिब्रिलेशनची नोंद नाही, हे विधान दप्तराबद्दल आहे. बीडबद्दल नाही.

शस्त्रक्रियेचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण तो तुम्हाला कुठेही मिळेल. बोटाने किंवा छोट्या पात्याने आक्रसलेली झडप मोकळी करायचं ऑपरेशन १९४८ मध्ये अमेरिकेत बेली आणि हार्केन यांनी रुळवलं. पुढच्या काही वर्षांत ते वेल्लोरला आणि मुंबईत केईएमला आलं. केईएममधले प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये थेट हृदयारोपणही करून पाहिलं. बार्नार्डनंतर अवघ्या अडीच महिन्यांत! रुग्ण काही तासच जगला. या ऑपरेशनवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. त्याच वॉर्डात झडप मोकळी करून घेऊन गावी गेलेल्यांवर किती पानं आहेत, ते तुम्हीच शोधून बघा. बनावट झडप त्या काळी परदेशातून यायची आणि परवडायची नाही. ती गोष्ट बदलली तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेतल्या वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. आधीची तीन मॉडेलं फसली, चौथं टिकलं आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवलं गेलं. झडप देशी झाली. पण धातूची झडप म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि ती गोळी झडपेइतकी सोपी नाही.

या गोळीची जन्मकथा बीडच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतल्या गोठ्यांत जनावरं रक्तस्राव होऊन मरू लागली. कारण निघालं भिजून बुरशी लागलेला चारा, गोड क्लोव्हर नावाचा. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त आणि तो खराब चारा घेऊन बर्फाच्या वादळात गाडी हाकत विद्यापीठात पोचला. तिथे कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढच्या सहा वर्षांत त्यातला दोषी पदार्थ वेगळा केला. त्याचाच पुढचा भाऊबंद वॉरफरिन. १९४८ मध्ये तो उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आला, १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाला. आपल्याकडे त्याच जातीची दुसरी गोळी, ॲसिट्रॉम, बऱ्याच फायलींत दिसते. रक्त किती पातळ झालंय हे मोजायची चाचणी आयएनआर. हे एकसारखं मोजमाप जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात आणलं. त्याआधीचे आकडे प्रत्येक लॅबच्या रसायनावर अवलंबून असत. म्हणजे १९७५ चा एका शहरातला रिपोर्ट आणि दुसऱ्या शहरातला रिपोर्ट शेजारी ठेवून तुम्ही तक्ता केलात, तर व्हायव्हात पहिला प्रश्न तिथेच येईल.

साध्या फिब्रिलेशनमध्ये आयएनआर साधारण २ ते ३ हवा, मायट्रल जागी धातूची झडप असेल तर थोडा जास्त. कमी झाला तर गुठळी, फार वाढला तर रक्तस्राव. आणि तो हलवायला एक मेथीची जुडी पुरते. हिरव्या पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के गोळीच्या विरुद्ध काम करतं. डॉक्टर सांगतात, पालेभाजी बंद करू नका, पण रोज सारख्याच प्रमाणात खा. आता बीड जिल्ह्यात हिवाळ्यात काय असतं ते आठवा: करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा पाला, मेथी, शेपू. शिवारात आहे तोवर दोन्ही वेळ तीच. उन्हाळ्यात सगळं वाळलं की बेसन आणि भाकरी. ‘सारख्याच प्रमाणात’ हा सल्ला वर्षभर मंडई भरलेली असते अशा शहरात लिहिलेला आहे. यात रुग्णाचा निष्काळजीपणा शोधू नका, कोरडवाहू शेतीचं वेळापत्रक शोधा.

त्यात ऊसतोड. समजा केज तालुक्यातली पस्तिशीची एक बाई आहे, झडप बदललेली, नाडी बेताल. (ही बाई मी कल्पिली आहे, मुद्दा समजावा म्हणून.) दिवाळीच्या आगेमागे ती नवऱ्याबरोबर कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडावर जाते. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत. या पाच-सहा महिन्यांत निदान महिन्याला एकदा आयएनआर तपासायचा म्हणजे तालुक्याच्या गावी जायचं, दिवस मोडायचा. मोडलेला दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. जिच्या डॉक्टरला तिचा डोस माहीत आहे तो तीनशे किलोमीटर मागे. फडावर पहाटे कोयता चालवताना हात कापला तर रक्त थांबत नाही. मूल हवं असेल तर प्रश्न आणखी अवघड, कारण वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकतं. हे सगळं माहीत असूनही ती बाई हंगामाला जाते. तिला ‘औषध न पाळणारी रुग्ण’ म्हणणं हा वैद्यकीय अहवालांचा जुना सवयीचा शब्दप्रयोग आहे. तुम्ही तो प्रबंधात उचलू नका.

कुणी म्हणेल, नव्या गोळ्या आल्या आहेत, त्यांना आयएनआर लागत नाही, मग अडचण कुठेय? अडचण अशी की त्या नेमक्या या रुग्णांसाठी चालल्या नाहीत. धातूच्या झडपांवर डॅबिगट्रानचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, निकाल २०१३ मध्ये छापून आले. ऱ्हुमॅटिक झडप आणि फिब्रिलेशन असलेल्यांवर आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत मोठा प्रयोग झाला, ‘इन्व्हिक्टस’. साडेचार हजारांवर रुग्ण, सरासरी वय ५० च्या आसपास, जवळपास पाऊण भाग बायका. २०२२ मध्ये निकाल लागला: जुन्या गोळीवरच्या गटात मृत्यू कमी. म्हणजे सोय नव्या गोळीत, जीव जुन्या गोळीत. गरिबांच्या आजारावर एवढा मोठा प्रयोग क्वचित होतो, म्हणून तो मुळातून वाचा.

सरकारी दप्तरात ही बाई कुठे भेटेल? १९९७ च्या जीवनदायी योजनेत, २०१२ पासूनच्या राजीव गांधी जीवनदायीत (बीडला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, राज्यभर लागू झाली तेव्हा आली), आणि २०१७ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत. ९७१ उपचार आणि पाठपुराव्याची १२१ पॅकेजेस अशी यादी होती. या योजनांनी बीडमधल्या कितीतरी लोकांची ऑपरेशनं शक्य केली, हे आधी मान्य करू. पण पॅकेज कसं बनतं ते बघा: दाखल होणं, मंजुरी, ऑपरेशन, डिस्चार्ज, त्यानंतर १० दिवसांपर्यंतची औषधं. पाठपुरावा वेगळ्या पॅकेजात, त्यालाही मुदत. फाईल बंद होते, आजार बंद होत नाही. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आहे, आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते. अशा ठिकाणच्या ओपीडी रजिस्टरात ती कदाचित दहा वेळा असेल, पण दर वेळी नवा केसपेपर आणि नवा नंबर. शिवाय जुनी रजिस्टरं ठरावीक वर्षांनी नष्ट करायची पद्धत सगळीकडेच आहे. विचारायला उशीर केलात तर रद्दीची पावती मिळेल.

मग उरते ती पिशवी. आपल्याकडे रुग्णाची फाईल रुग्णाकडेच असते. प्लास्टिकच्या पिशवीत, कोनाड्यात किंवा पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी. ईसीजीच्या पट्ट्या (त्या जुन्या कागदावरची शाई उडते, तेव्हा परवानगी घेऊन लगेच फोटो काढा), डिस्चार्ज कार्ड, आयएनआरच्या तारखा, मेडिकलवाल्याची बिलं. दोन आयएनआरमध्ये सात महिन्यांचं अंतर दिसलं की ते महिने कुठले ते बघा. नोव्हेंबर ते एप्रिल असतील तर तुम्हाला ऊसतोडीचा हंगाम वैद्यकीय कागदात दिसला. बिलांवर गोळ्यांची संख्या बघा. तीसऐवजी दहा घेतल्या असतील तर त्या महिन्यात घरात पैसे नव्हते, किंवा दुकानात माल नव्हता. विचारा, आपण समजूत करून घेऊ नका. मॅकेंझींची वही डॉक्टरने ठेवली होती. इथे ती वही घरच्यांनी ठेवलीय, फक्त तिला वही म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुलाखतीला जाण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते, इतिहास विभागाचे विद्यार्थी असलात तरी. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून जा. बहुतेक जण संमतीपत्रापर्यंत थांबतात. पण एक प्रसंग हमखास येईल, त्याची तयारी आधी करा: समोरची ताई सहज बोलताना सांगेल की दोन महिन्यांपासून गोळी बंद आहे, बरं वाटतंय म्हणून. तुम्ही डॉक्टर नाही, डोस सांगायचा नाही, रागवायचं नाही. पण रेकॉर्डर चालू ठेवून पुढचा प्रश्न विचारणंही बरोबर नाही. धातूची झडप असताना गोळी बंद म्हणजे झडप अडकू शकते, लकवा होऊ शकतो. मुलाखत तिथेच थांबवा. जवळच्या कोणत्या दवाखान्यात आयएनआर होतो, कोणत्या दिवशी डॉक्टर असतात, भाडं किती लागतं, ही माहिती तुमच्या डायरीत पहिल्या पानावर आधीच लिहिलेली असू द्या, आणि जमलं तर त्याच दिवशी सोबत जा. तुमच्या समितीला अर्जात हेही लिहून द्या. ते विचारणार नाहीत, तरी द्या.

आणि प्रश्नावली करताना ‘ऑपरेशन कधी झालं?’ हा पहिला प्रश्न ठेवू नका. त्यावर तारीख आणि रुग्णालयाचं नाव मिळतं, तेवढं डिस्चार्ज कार्डावर असतंच. ‘ऑपरेशननंतर पहिल्यांदा फडावर कधी गेलात?’ असं विचारून बघा.